आठ एम.एम.ची सळई

२१ जानेवारी २०२६, बुधवार

माझ्या हातांनी बनवलेल्या वस्तू. आठवून नव्हे — ऑर्डरच्या वह्या काढून, एकेक ओळ तपासून.

फाटकं, लहानमोठी — २१६. उसाच्या ट्रॉल्या — ११. त्यातल्या ९ अजून कारखान्याच्या रस्त्याला पळतात, २ मालकांनी विकल्या. मोडली एकही नाही. मिरची पसरायची दाताळी, नंदुरबारच्या व्यापाऱ्यांसाठी — ६४. केळीचे घड वाहायच्या हातगाड्या — ३०. विहिरीवरच्या कप्प्या — १८. शाळेचा जिना — १. सत्तावीस पायऱ्या, सगळ्या सारख्या, कुणीही पट्टी घेऊन मोजावं! ट्रकच्या जॅकपासून बनवलेलं, सळई ताणून तोडायचं यंत्र — १. (ते बघायला धुळ्याचे एक प्राध्यापक आले होते. 'कुठे शिकलात?' म्हणाले. इथेच, म्हटलं. शहाद्यात. ह्याच पत्र्याखाली.) हेमांगीचं अभ्यासाचं टेबल — १. इंजिनिअरिंगच्या पोरांसाठी स्ट्रेंथ ऑफ मटेरिअल्सची गणितं, उत्तरांसह — ३६१.

झोपाळा — १. म्हसावद. मंगलाताईच्या ओट्यावर. सागाची फळी, चार सळया, आठ एम.एम. भाऊबीज २०१८.

६ तारखेला दुपारी त्याची मागची डावी सळई तुटली. फळी कलंडली. ताई मागच्या मागे पडली, डोकं पायरीच्या कडेवर. नंदुरबारच्या दवाखान्यात दोन दिवस. ८ तारखेला गेली. काल तेराव्याची गंधमुक्ती झाली.

एकूण बेरीज करून ठेवणार होतो. केली नाही.

२२ जानेवारी

दुकान उघडलं. वेल्डिंगचा गॉगल हातात घेतला. दुकान बंद केलं.

२३ जानेवारी, शुक्रवार

लोक काय काय बोलले ते लिहून ठेवतो. विसरायचं नाही.

दाजी — सुपडूदाजी, ताईचे यजमान — सरणापाशी माझा दंड धरून: 'तुन्हा काय दोष रे हेमू? लोखंडच खराब निंघनं.' शेजारची दगूबाई बायकांना सांगत होती: 'भाऊनी जीव लाई बनाडेल व्हता झोका.' कुणी म्हणालं, आजकालचं लोखंड म्हणजे भंगार वितळवलेलं, काय भरवसा! कुणी म्हणालं, वेळ. सगळ्यांनी मला वाचवलं. एकानेही विचारलं नाही की हेमकांतराव, हिशोब कुणी केला होता?

ताई माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. मला कडेवर घेऊन कापूस वेचायची. मी बारावी सोडून वेल्डिंगच्या दुकानात लागलो तेव्हा तिचं लग्न होऊन गेलं होतं. एकदा नंदुरबारला रद्दीच्या दुकानात मी एक जाडं इंग्रजी पुस्तक चाळत उभा होतो — आकृत्या बघत. सळई, बीम, बाण. वाचता येत नव्हतं. ताईने विचारलं, 'लेस का?' म्हटलं, कळणार नाही. ती म्हणाली, 'आज नही कळनं ते सकाय कळी.' तिनेच घेतलं. शेजारी शब्दकोश ठेवून चार वर्षं वाचलं ते पुस्तक. शेवटच्या पानापर्यंत. प्रत्येक गणित स्वतः सोडवून.

त्या पुस्तकामुळे मला लोक सर म्हणतात. पदवी नाही, तरी सर.

म्हसावदहून येताना तुटलेली सळई मागून आणली. दाजींनी टॉवेलात गुंडाळून दिली. लहान मूल द्यावं तशी. घरी व्हर्नियर लावला. ७.९४. तीन ठिकाणी मोजली. बारीक नव्हती. म्हणजे व्यापाऱ्याने फसवलेलं नाही. हेही गेलं.

२५ जानेवारी, रविवार

पोरं आली. रविवारची शिकवणी आहे, सांगून बंद करायचं सुचलंच नाही. दुकानामागच्या शेडमध्ये नऊ जण. बहुतेक नापास होऊन आलेले. ह्या विषयात पोरं फार अडकतात. कॉलेजात त्यांना 'एक बार दिला आहे' असं शिकवतात. कुठला बार? कुणाचा? मी तसं शिकवत नाही. तालुक्यात कुठे काही मोडलं की मी व्हर्नियर घेऊन जातो, मोजतो, आणि त्याचं गणित करतो. ट्रॉलीची पिन. कप्पीचा आस. पोराला ट्रॉली माहीत असते, पिन माहीत असते. मग त्याला स्ट्रेसही माहीत होतो.

फक्त एक गणित न मोडलेल्या वस्तूचं आहे. वस्तू कशी मोडत नाही, ते दाखवायला घातलेलं. मोहिनीने नेमकं तेच उघडलं.

'सर, दोनशे चौदा परत सांगा ना. चाळीस अंश कुठे घालायचे तेच चुकतं माझं.'

माझ्याच अक्षरातली झेरॉक्स. वाचून दाखवली तिने, मोठ्याने:

'म्हसावद येथे एका घरी चार सळयांवर झोपाळा टांगला आहे. फळी व तीन माणसं मिळून वजन २२५ किलो. झोपाळा दोन्ही बाजूंना ४० अंशांपर्यंत जातो. सुरक्षिततेसाठी, भार फक्त दोनच सळया घेतात असे धरा. सळईचा व्यास ८ मि.मी. स्ट्रेस व फॅक्टर ऑफ सेफ्टी काढा.'

खाली माझं उत्तर. स्ट्रेस ३२. लोखंड २५० सोसतं. म्हणजे जवळजवळ आठपट सुरक्षित. आणि त्याखाली चौकटीत माझं वाक्य, जे मी दर वर्षी फळ्यावर लिहितो: 'जास्त जाड लोखंड हा अडाण्याचा विमा आहे.'

पोरीला माहीत नाही तो झोपाळा कुणाचा. तिचा दोष नाही. मी म्हटलं, आज डोकं दुखतंय. सगळे गेले. फळा पुसला. फळ्यावर काही लिहिलेलंच नव्हतं.

२६ जानेवारी

शाळेत झेंडावंदनाला बोलावलं होतं. जिन्याजवळ उभा राहिलो. शंभरेक पोरं धडाधडा उतरली वरून. मी त्यांच्याकडे नाही, जोडांकडे बघत होतो.

२८ जानेवारी, बुधवार

आज सळईचं तुटलेलं तोंड नीट बघितलं. सकाळच्या उन्हात, भिंग घेऊन.

ताण देऊन मोडलेली सळई मी हजारदा बघितली आहे, यंत्रावर मीच तोडतो. ती आधी लांबते, मध्ये बारीक होते, मग तुटते, तोंड चमकदार, खरखरीत. ही तशी नाही. ही कुठेच बारीक झाली नाही. वरच्या टोकाला सळई वळवून मी जी कडी केली होती, तिच्या वेल्डिंगच्या अगदी खाली तुटली आहे, सुरीने कापल्यासारखी. तोंडाचा मोठा भाग काळपट, गुळगुळीत. त्यावर वळ्या वळ्या — शिंपल्यावर असतात तशा, एकात एक. आणि एका कडेला, तिळाएवढा, चकचकीत ताजा तुकडा.

म्हणजे सहा तारखेला तुटला तो तिळाएवढा तुकडा. बाकीची आधीच तुटलेली होती. महिने, कदाचित वर्ष. ती रोज थोडी थोडी तुटत होती आणि ताई रोज तिच्यावर बसत होती.

माझ्या पुस्तकात असं चित्र कुठेच नाही. संध्याकाळी सगळी पानं पुन्हा चाळली. पहिल्यापासून शेवटपर्यंत. एकही पान फाटलेलं नाही.

फोटो काढून हेमांगीला पाठवला. खाली काहीच लिहिलं नाही.

२९ जानेवारी

हेमांगीचा फोन, सकाळी कॉलेजला जाताना. ती धुळ्याला, मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला.

'पप्पा, हा फोटो आत्याच्या...?'

हो म्हटलं.

गाड्यांचे आवाज लांब गेले, बाजूला थांबली असावी. मग म्हणाली, 'हे तुमच्या पुस्तकात नसतं. हे थर्ड इयरला येतं, मशीन डिझाइनला. भार कमीच असतो पप्पा, पण पुन्हा पुन्हा येतो. लाख वेळा, दहा लाख वेळा. मग वेल्डिंगपाशी, वळणापाशी बारीक चीर पडते आणि ती वाढत जाते. तुमचं गणित चुकलेलं नाही. ते एकदाच बसणाऱ्या माणसाचं आहे.'

म्हटलं, मला आधी का नाही सांगितलंस?

नको होतं विचारायला.

'दिवाळीत सांगायला लागले होते. तुम्ही म्हणालात, आधी माझी तीनशे एकसष्ट सोडव, मग शिकव मला.'

आठवतं. हसलो होतो वर. तिची आई सीमासुद्धा हसली होती. पोरीची वही उघडी होती टेबलावर. मी बनवलेल्या टेबलावर.

मला वाटत होतं विषय संपला. शेवटच्या पानाशी विषय संपतो असं मी तीस वर्षं धरून चाललो. ज्याला कुणी शिकवलं नाही, त्याला पुढे अजून एक वर्ष आहे हे कोण सांगणार? — नाही, हे रडगाणं आहे. सांगणारी होती. घरातच होती.

३० जानेवारी

मोजलं. मोजल्याशिवाय मला राहवत नाही, आणि आता तर तेवढंच येतं.

सळईची लांबी २.२ मीटर. एक फेरी तीन सेकंदांची. मिनिटाला वीस. ताई सकाळी तासभर बसायची, भाजी निवडत. दुपारी दोन तास. दिवसाला ३६०० फेऱ्या. टांगला तेव्हापासून ६ जानेवारीपर्यंत २६१५ दिवस. तिच्या बाहेरगावचे, दुखण्याचे ११५ वजा. उरले २५००.

नव्वद लाख.

नव्वद लाख वेळा ती माझ्या हिशोबावर विसंबून मागेपुढे झाली. आल्यागेल्याला हाताला धरून बसवायची — 'बठा बठा! मन्हा भाऊनी हिशोब करीसन बनाडेल शे. हत्ती बठना तरी तुटाव नही!'

दाजी दर दिवाळीला सळयांना ऑइल पेंट देत. सात वर्षांचे सात थर. त्यानेच वरची कडी स्लॅबच्या आकड्यात घट्ट धरली असणार. कडी फिरायची थांबली आणि प्रत्येक हेलकाव्याला सळईची मान वाकत राहिली. — हे लिहिलं आणि लाज वाटली. मागच्या भाऊबीजेला मीच मान वर करून बघितलं होतं. कडी फिरत नव्हती. मी काय म्हणालो? 'दाजी, रंग मस्त बसलाय!'

३१ जानेवारी, शनिवार

दुकान उघडलं. सीमा म्हणाली, 'उघडा आता. घरात बसून तुम्ही त्या सळईकडेच बघता.'

एका फाटकाचं काम. पट्ट्या बांधून ठेवायला बाइंडिंगची तार हवी होती. वेटोळ्यातून हातभर ओढली, आणि सवयीने, पक्कड न घेता, दोन बोटांत धरून इकडे-तिकडे, इकडे-तिकडे वाकवली. पाच-सहा वेळा. तुटली.

तार हातात घेऊन तसाच उभा राहिलो.

तेहेतीस वर्षं मी रोज अशीच तार तोडतो. ओढून तुटत नाही म्हणून वाकवून तोडतो. पुन्हा पुन्हा. ह्या बोटांना ते माहीत होतं! पुस्तकात नव्हतं, पण बोटांत होतं. ताईला विचारलं असतं तर तिनेही सांगितलं असतं, झाडूची काडी ती तशीच मोडायची. आणि मी बोटांना कधी विचारलंच नाही. बोटांचं ऐकतो तो मिस्त्री, पुस्तकाचं ऐकतो तो इंजिनिअर — असं मला वाटायचं. मला मिस्त्री राहायचं नव्हतं.

फाटक अर्धं ठेवून घरी आलो.

१ फेब्रुवारी, रविवार

पोरांना सांगितलं. उभ्याने, हात मागे बांधून. शाळेत चूक कबूल करतात तसं.

म्हटलं, दोनशे चौदा उघडा. पेन घ्या. आडवी रेघ मारा.

मोहिनी म्हणाली, 'पण सर, उत्तर तर बरोबर येतंय! मी काल घरी तीनदा केलं.'

म्हटलं, तो झोपाळा माझ्या बहिणीचा होता. सळई मी निवडली. गेल्या महिन्यात तुटली. ती त्यात गेली.

सळई बाकावर ठेवली, टॉवेल उघडून. एकेकाने येऊन बघितली. कुणी हात लावला नाही, फक्त करणसिंगने — तो पावरा पोरगा, धडगावकडून पहाटेच्या एस.टी.ने येतो, कधी बोलत नाही — त्याने बोट ठेवलं त्या वळ्यांवर आणि विचारलं, 'सर, हे तिला दिसलं नसतं?'

नाही, म्हटलं. रंगाच्या आत होतं.

मग तार वाटली सगळ्यांना, वीत वीत. वाकवा, मोजा, कितव्यांदा तुटते ते लिहा. नऊ जणांचे नऊ आकडे आले. म्हटलं, उत्तर एक येत नाही हे बघून ठेवा. असंही असतं. ह्याच्या पुढचं मला येत नाही. पुढचं तुम्ही कॉलेजात शिका आणि मला येऊन सांगा.

निघताना मोहिनी रेंगाळली. 'सर, माझ्या मावसभावाच्या कॉलेजात पण हीच वही चालते. जळगावला. त्यांच्याकडे दोनशे चौदा असेलच ना?'

असेल. सात वर्षं झेरॉक्सच्या झेरॉक्स होतायत. कुठे कुठे रेघ मारायला जाऊ?

'मी फोटो काढून ग्रुपवर टाकते,' म्हणाली. 'रेघेचा.'

टाक, म्हटलं. खाली माझं नाव घाल. पूर्ण नाव.

३ फेब्रुवारी

चौकटीतलं ते वाक्य मूळ वहीतून ब्लेडने खरवडलं. कागद फाटला. मागच्या पानावरचं दोनशे पंधराही गेलं.

५ फेब्रुवारी

सीमा: 'दाजींना कशाला सांगता आता? त्यांनी लोखंडावर घातलंय ना एकदाचं. त्यांचं मन शांत आहे.'

तिचं बरोबर असेल. पण लोखंड खराब नव्हतं. लोखंडाने नव्वद लाख वेळा तिला सांभाळलं. त्याच्यावर आळ नको.

८ फेब्रुवारी, रविवार

शिकवणी लवकर सोडून म्हसावदला गेलो.

दाजी ओट्यावर, सुपात तूर निवडत. ताईचं काम. खडे दाण्यांत आणि दाणे खड्यांत टाकत होते. वर स्लॅबला माझे चारही आकडे तसेच. फळी भिंतीला उभी टेकवलेली, तिच्यावर ताईचं आसन घडी घालून. उरलेल्या तीन सळया कोपऱ्यात.

'ये, बठ.' मी खाली बसलो. पाणी दिलं. उसाचं विचारलं, तोड आली का. आली, म्हणाले.

मग सांगून टाकलं. 'दाजी, लोखंड खराब नव्हतं. माझा हिशोब अपुरा होता. मला जेवढं येत होतं तेवढाच केला आणि वाटलं, संपलं. ताई माझ्यामुळे गेली.'

दाजी तूर निवडतच राहिले. म्हणाले, 'माले माहीत शे.'

'कधीपासून?'

'त्याच दिवसपासून.'

'मग सरणापाशी तसं का बोललात? चार लोकांत?'

त्यांनी सूप खाली ठेवलं. 'तू तिना भाऊ. तुले कोनी काही बोलनं ते तिले चालत नही.'

चालत नही, म्हणाले. चालत नव्हतं, असं नाही.

मी रडलो. त्यांच्यासमोर, एक्कावन्न वर्षांचा माणूस, सुपातल्या तुरीकडे बघत. ते रडले नाहीत. उठून आत गेले, चहा ठेवला स्वतः. साखर दोनदा टाकली. दोघांनी गोडमिट्ट चहा प्यायला.

उठलो तर पायरीपर्यंत आले. त्याच पायरीपर्यंत. तिथे माझा खांदा धरला आणि हळू विचारलं — त्यात राग नव्हता, असता तर बरं झालं असतं —

'तिनी तुले सांगेल व्हतं ना रे, हेमू?'

हो, म्हटलं.

तेवढंच. एस.टी.त बसून शहाद्याला आलो. ताईने काय सांगितलं होतं ते दाजींना माहीत आहे आणि मला. ह्या वहीत ते मी अजून लिहिलेलं नाही. एकोणीस दिवस सगळं लिहिलं, मिलिमीटरपर्यंत लिहिलं, आणि ते टाळलं.

९ फेब्रुवारी, सोमवार

धनत्रयोदशी, २०१८. आकड्यांची मापं घ्यायला म्हसावदला गेलो होतो. आठ एम.एम.चा नमुना ताईच्या हातात दिला. तिने तो दोन्ही हातांत धरून वाकवून बघितला. म्हणाली, 'बारीक दिखस रे भाऊ. जाड टाक ना.' बाराची टाक, म्हणाली. आणि पदराची गाठ सोडून नोटा माझ्या मुठीत कोंबल्या, वरच्या खर्चाला. मी हसून परत तिच्या पदरात टाकल्या. म्हटलं, भाऊबीजेच्या वस्तूला बहिणीचे पैसे घेतात का? आणि बाराची गरज नाही, हिशोब केलाय.

बाराची टाकली असती तर वाकण्याचा ताण सव्वातीन पटीहून जास्त कमी झाला असता.

तीनशे रुपये होते.